बटण दिसतं, पण ऐकू येतं का?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींना ई-केवायसी करता येत नव्हतं. ‘डोळ्यांची उघडझाप करा’ असं ॲप सांगणार, पण ती करायची कशी?

बातम्यांत चर्चा केवायसीचीच झाली. मला मात्र माझंच एक बटण आठवलं.

पहिल्या नोकरीत मी ‘सरकवून पैसे भरा’ असा स्लायडर बनवला होता. दिसायला एकदम भारी, टेस्टिंगमध्येही पास. एकदा सहज टॉकबॅक चालू केलं, तर स्लायडरवर बोट ठेवताच फोन गप्प! म्हणजे अंध माणूस रक्कम टाकणार आणि नेमका शेवटच्या पायरीवर अडकणार.

असं का झालं? जेटपॅक कंपोजसारख्या टूलकिटमधला तयार स्विच म्हणजे नुसतं चित्र नसतं. ‘मी स्विच आहे, सध्या चालू आहे’ हे तो सिस्टिमला कळवतो आणि टॉकबॅक ते वाचून दाखवतं. आपण कॅनव्हासवर स्वतः काढलेलं कंट्रोल मात्र सिस्टिमसाठी फक्त रंगीत पिक्सेल. त्याचं नाव, स्थिती आणि कृती आपणच कळवावी लागते. त्यासाठी कंपोजमध्ये सिमँटिक्स मॉडिफायर आहे, फ्लटरमध्ये सिमँटिक्स विजेट. माझ्या स्लायडरला नाव दिलं, डबल टॅपने पैसे भरायची सोय केली. मोजून काही ओळींचा कोड!

मग हे राहून का जातं? कारण डेमो बघणारे सगळे डोळ्यांनीच बघतात. म्हणूनच निकालातला एक निर्देश मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ॲप किंवा नवीन फीचर तयार करताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्या. हे खरंच पाळलं गेलं, तर माझ्यासारख्याची चूक ॲप लोकांच्या हातात जाण्याआधीच पकडली जाईल.

तुम्हीही करून बघा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक चालू करा. एका टॅपने बटण निवडलं जातं, डबल टॅपने दाबलं जातं. आता डोळे मिटून रोजचं ॲप वापरा. जिथे फोन गप्प होईल, ती जागा ॲपच्या फीडबॅकमध्ये नक्की कळवा.