हिऱ्याचा मुलामा आणि नांगराचा फाळ

आंसाला वंगण द्यावें हें कुणब्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु घर्षणापायीं जगाचें नुकसान किती होतें, याचा हिशेब अलीकडचा आहे. होल्मबर्ग व एर्देमिर या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं तो मांडिला. जगांत खर्च होणाऱ्या एकंदर ऊर्जेपैकीं सुमारें शेंकडा २३ भाग घर्षण व झीज यांपायीं जातो, असें त्यांचें अनुमान आहे. डिझेल विकत घेणाऱ्या वाचकांस हा आंकडा परका वाटूं नये.

यावरील एक उपाय म्हणजे कार्बनाचा पातळ लेप. शिसपेन्सिलींतील ग्राफाइट व अंगठींतील हिरा हीं एकाच मूलद्रव्याचीं रूपें होत. निर्वात पेटींत मिथेन किंवा ॲसिटिलीन वायु विजेच्या योगानें फोडून पोलादावर एकदोन मायक्रॉनांचा, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ, थर बसवितां येतो. त्यांतील कांहीं बंध हिऱ्याचे, कांहीं ग्राफाइटाचे. म्हणून तो कठीण असून निसरडाहि असतो. आयसेनबर्ग व शॅबो यांनीं १९७१ सालीं अशा लेपाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९९७ सालीं अमेरिकेंतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेनें ०.००१ इतका अल्प घर्षणांक असलेला लेप जाहीर केला.

येथें आम्हांस थांबावेंसें वाटतें. विहिरीखालच्या एका वाफ्यावरून साऱ्या गांवाची पैसेवारी लावूं नये, एवढें शहाणपण महसुलाच्या दप्तरांत बसून आम्हांस आलें आहे. वरील अंक कोरड्या नायट्रोजन वायूंतला आहे. दमट हवेंत त्याच जातीच्या लेपाचें घर्षण अनेक पटींनीं वाढतें. ज्या लेपांत हायड्रोजन जवळजवळ नसतो, त्याची तऱ्हा उलट. त्याला दमटपणा मानवतो व कोरडेपणा बाधतो. मग श्रावणांतील कोंकणास कोणता व वैशाखांतील मराठवाड्यास कोणता, हें कोण सांगणार?

लेप निरुपयोगी आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. डिझेल इंजिनाच्या पंपांत व नोझलमध्यें तो आज वापरला जातो, आणि तेथें त्याची जागा योग्य आहे. १ एप्रिल २०२० पासून देशांत विकलें जाणारें डिझेल गंधक फारच थोडें असलेलें आहे; गंधक काढतांना डिझेलचा अंगचा वंगणगुण कमी होतो, व तो पुन्हां आणण्यासाठीं तेलांत द्रव्यें मिसळावीं लागतात. अशा ठिकाणीं कठीण, निसरडा थर उपकारकच. परंतु उघड्या डब्यांतून धूळ पडलेलें डिझेल ओतणाऱ्याचें नोझल कोणताहि मुलामा वांचविणार नाहीं.

नांगराच्या फाळाची गोष्ट निराळी. मातींतील गारगोटीचे कण पोलादासहि ओरखडतात. दगडावर फाळ आपटला कीं आंतलें पोलाद दबतें आणि वरचा थर अंड्याच्या कवचासारखा तडकतो. एकदोन मायक्रॉनांचा लेप मुरमाड रानांत किती तास टिकेल? उद्यां कोणी हिऱ्याचें नांव सांगून रोटाव्हेटरचीं पातीं दुप्पट भावानें विकूं लागला, तर हाच प्रश्न त्यास विचारावा. नीट पाणी दिलेलें चांगलें पोलाद त्याहून स्वस्त व भरंवशाचें.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांनीं अशा लेपाच्या नोझलांची व पात्यांची परीक्षा आपापल्या हवेंत व मातींत करावी, आणि किती तासांत किती झीज झाली तें मराठींत छापावें. तो तक्ता हातीं येईपर्यंत फाळावरील हिऱ्यासाठीं सभासदांनीं कर्ज काढूं नये.