सायकल आणि नेम

मैत्रिणींनो, गेल्या नवरात्रात यमाईच्या डोंगरावर निघाले आणि निम्म्या पायऱ्यांतच मटकन खाली बसले. धाकटा कडेवर होता खरा. पण माझ्या देखत सासूबाई शांतपणे वर चढून गेल्या! दोन बाळंतपणं, त्यात ‘टाकवत नाही’ म्हणून उरलंसुरलं पोटात ढकलायची सवय. चौतिसाव्या वर्षी ही दमछाक!

लाज वाटायचं आणखी एक कारण होतं. आमच्या औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनला निघालं. त्यांचा सारा भर होता तो रोजच्या नेमावर. आणि त्याच गावची मी अर्धवेळ शिक्षिका, मुलांकडून नमस्कार घालून घेताना स्वतः नुसती आकडे मोजत उभी!

नणंदेची लग्नाआधीची, मधला दांडा नसलेली सायकल पडवीत धूळ खात होती. ती बाहेर काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, या वयात?” पहिल्या आठवड्यात दोनदा पडले, गुडघा खरचटला. पण पहाटे रस्ता मोकळा असतो, हसायलाही कुणी नसतं.

तुम्हीही सुरुवात करणार असाल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. शिकताना सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. तोल जमला की ती वर घ्या. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खालीच राहिली तर गुडघे दुखतात. निघण्यापूर्वी ब्रेक आणि चाकातली हवा बघा. ओढणी पक्की खोचा, चेनमध्ये अडकली तर आपटाल. सपाट रस्त्यावर एक दिवसाआड दहा मिनिटं पुरे. मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा. सायकल चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच जोर लावा. हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत पोचायचं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. नुकतंच बाळंतपण झालं असेल, पोटाचं ऑपरेशन किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजनाच्या काट्याकडे मात्र रोज बघू नका. माझं चार महिन्यांत तीनच किलो उतरलं, तेही भात मोजून लावायला लागले तेव्हा. उरतच नाही, तर पोटात ढकलायचं काय?

गेल्या मंगळवारी पुन्हा डोंगर चढले. एकदाच थांबले. सासूबाई अजूनही पुढेच असतात. पण आता हाकेच्या अंतरावर.