कुंडीखालची ताटली आणि पनामाचा कालवा

गेल्या हिवाळ्यात ह्यूस्टनला शिकत असलेल्या कन्येकडे जाऊन आम्ही चौघे आठवडाभर पनामाला गेलो. पनामाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. तो ताप आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र आपल्या घराघरांत आहे. दाखल्याची ही सक्ती म्हणजे आपल्या गैरव्यवस्थेची शासकीय कबुलीच होय, असा विचार लस घेताना मनात आला होता. कालव्यातील नौकाविहाराने तो अधिकच गडद केला.

गांबोआहून आमची नौका निघाली. कुलेब्राच्या डोंगरातून खोदलेल्या खिंडीतून पुढे जात पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस येथील जलपाशांतून ती पॅसिफिक महासागराच्या पातळीवर उतरली. सरोवर आणि समुद्र यांच्या पातळ्यांत सुमारे २६ मीटरांचा फरक आहे. हौदांत पाणी भरण्यासाठी वा ते सोडण्यासाठी एकही पंप नाही. सारे काम गुरुत्वाकर्षणाने चालते. आमच्या शेजारी महाकाय मालवाहू जहाज उभे होते आणि मुले थक्क होऊन पाहत होती. कन्येने विचारले, "बाबा, फ्रेंचांना हे का जमले नाही?"

उत्तर अभियंत्यापेक्षा वैद्याने द्यावे असे आहे. सुएझचे यश पाठीशी असलेल्या फर्दिनां द लेसेप्स यांच्या कंपनीने १८८१ मध्ये काम सुरू केले आणि १८८९ मध्ये ती बुडाली. पैसा आणि आराखडा दोन्ही चुकले होतेच. पण वीस हजारांहून अधिक माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे, आणि त्यांत पिवळा ताप व मलेरिया यांचा वाटा मोठा होता. आंकोन येथील त्यांच्या सुसज्ज रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत आणि बागेतील रोपांभोवती पाण्याची मातीची कडी असत. त्या पाण्यात डास वाढत होते. बरे होण्यासाठी आलेला रुग्ण तिथेच नवा आजार घेत असे.

हे सांगता सांगता माझा आवाज अडखळला. त्याआधीच्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यातील कंपाउंडरला डेंग्यू झाला. तो वाचला, पण त्या दोन रात्री आम्ही विसरणार नाही. पुढे तपासणीस आलेल्या कर्मचाऱ्याने माझ्याच प्रतीक्षालयातील शोभेच्या कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून दाखवल्या. त्यांत अळ्या वळवळत होत्या. वर भिंतीवर डेंग्यू-प्रतिबंधाचे भित्तिपत्रक टांगलेले होते. त्याला झालेला आजार त्या ताटल्यांतूनच आला, हे सिद्ध करता येणार नाही. येत नाही, एवढ्यावर समाधान मानणेही मला जमत नाही.

डासाची कल्पना क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडली होती. वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १९०० मध्ये ती सिद्ध केली. विल्यम गॉर्गस यांनी प्रथम हवानात आणि १९०४ पासून पनामात घरोघर पाणी झाकले, साचलेले पाणी काढले, तेल टाकले, जाळ्या बसवल्या. १९०५ च्या अखेरीस पनामा शहरातून पिवळा ताप हटला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. अमेरिकी काळातही ५,६०९ माणसे गेली आणि त्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर फार मोठ्या संख्येने होते, हेही विसरता कामा नये. प्रतिबंधाची जाळी सर्वांच्या खिडकीला सारखी लागली नव्हती.

आणि आपण हैदराबादकर! २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी दिसला तो इथेच, सिकंदराबादेत. ज्या डासांनी ते रहस्य उलगडले, ते हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायले होते. या वारशाचा आपण अभिमान बाळगतो. पण आपल्या मासिक सभांचे विषय आठवून पाहा. नवी प्रतिजैविके, नवी यंत्रे, प्लेटलेट्स कधी द्याव्यात यांवर व्याख्याने होतात. कूलरच्या टाकीवर मात्र एकही नाही. टळलेल्या आजाराबद्दल कोणी पेढे आणून देत नाही, हेच त्याचे कारण असावे.

गॉर्गस यांच्या हाती लष्करी सत्ता होती. आपल्याकडे ती नाही आणि नको आहे. एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी रिकामे करून भांडे घासले की पुरे. माझी सूचना एवढीच की, आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाने दर शनिवारी प्रथम स्वतःच्या दवाखान्यात कोरडा दिवस पाळावा. समाजाला उपदेश त्यानंतर करावा. माझ्या प्रतीक्षालयात कुंड्या आजही आहेत. ताटल्या मात्र मी स्वतः उपड्या करतो.