विजी थुकुल : रिक्षावाल्याचा बेपत्ता मुलगा

कवी म्हटला की कपाटभर पुस्तके आणि खांद्यावर शाल, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. आज आम्ही ज्याची ओळख करून देत आहोत, तो इंडोनेशियाचा विजी थुकुल फर्निचरला पॉलिश मारून पोट भरीत होता.

जावा बेटावरील सोलो शहरात २६ ऑगस्ट १९६३ रोजी, सायकलरिक्षा चालविणाऱ्या बापाच्या घरी तो जन्मला. शिक्षण अर्ध्यावर सुटले. त्याने वर्तमानपत्रे विकली, सिनेमाची तिकिटे ब्लॅकने विकली, मग पॉलिशचे काम धरले. थुकुल हे नाव त्याला नाटकमंडळीतल्या गुरूने दिले. विजी थुकुल म्हणजे अंकुरलेले बी. जिभेला 'र' नीट वळत नसे, तरी हा गडी ढोलाच्या साथीने दारोदार कविता म्हणत फिरला. भाषा वस्तीतली, विषय मजुरीचे आणि पोटाचे. विद्वानांना ही कविता वाटली की नाही, याची आम्हांला फारशी चिंता नाही. १९९१ साली मात्र ज्येष्ठ कवी रेन्द्रा यांच्याबरोबरीने त्याला हॉलंडचा वेर्टहाइम पुरस्कार मिळाला.

तेव्हा तेथे जनरल सुहार्तोंची राजवट होती. १९९२ साली कापड कारखान्याच्या घाण पाण्याविरुद्ध वस्ती उठली, त्यात थुकुल होता. डिसेंबर १९९५ मध्ये तो गिरणी कामगारांच्या संपात उतरला. पोलिसांनी असे मारले की उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला. जुलै १९९६ मध्ये जकार्तात दंगल उसळली. सरकारने त्याच्या पक्षावर ठपका ठेवला आणि थुकुल घर सोडून पळाला. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. बोर्निओतील पोन्तियानाक येथे तो लपून राहिला. तेथेही कविता लिहीतच होता.

इकडे घरी पोलीस आले. पुस्तके उचलून नेली, पत्नी सिपोनबाईंची उलटतपासणी केली. बाईंनी शिवणकामावर दोन लेकरे वाढवली. फेब्रुवारी १९९८ नंतर नवऱ्याची खबरबात नाही. त्याच वर्षी २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले. लपलेली माणसे घरी परतू लागली, थुकुल आला नाही. मेला म्हणावे तर प्रेत नाही, जिवंत म्हणावे तर पत्ता नाही. अशा बाईने कपाळाचे काय करावे? वाट पाहून शेवटी २००० साली त्यांनी नवरा बेपत्ता असल्याची तक्रार नोंदविली. १९९७-९८ मध्ये पळवून नेलेल्या २३ जणांपैकी ९ सुटले, एकाचे प्रेत सापडले, १३ जणांचा आजवर ठावठिकाणा नाही. त्या तेरांत थुकुल आहे.

२००२ साली त्याला मानवी हक्कांचा याप थियाम हीन पुरस्कार देण्यात आला. २०१६ साली त्याच्या भूमिगत दिवसांवर चित्रपट निघाला. बाप आठवणार नाही इतका लहान असलेला तो मुलगा, फजर मेरा, आज बापाच्या कवितांना चाली लावून गातो. मुलगी वानीही कविता लिहिते.

सिपोनबाई ५ जानेवारी २०२३ रोजी वारल्या. सहाच दिवसांनी, ११ जानेवारीला, राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी माणसे बेपत्ता करण्याच्या त्या प्रकाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हाचे हे राष्ट्राध्यक्षही सोलोचेच.