हॉर्सपॉवर सगळे विचारतात, मिलिमीटर कोण विचारणार?

हॉस्टेलवर रात्री बारानंतर दोनच विषयांवर भांडणं होतात. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा, कुठल्या गाडीत कुठलं इंजिन टाकावं! परवाही तेच झालं. कुणीतरी अमेरिकेतल्या एका जुन्या शेव्हरलेमध्ये नवं एलएस व्ही-एट बसवल्याचा व्हिडिओ लावला होता. खोलीत आम्ही दहा जण, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "हॉर्सपॉवर किती?" ते इंजिन मागच्या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जोडलं कशानं, हे कुणीच विचारलं नाही. (मीसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू?)

जोडणारी ती चकती म्हणजे फ्लेक्सप्लेट. आपली ओळख फ्लायव्हीलशी. क्लचच्या गाडीत ते जड चाक लागतंच. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेलानं भरलेला टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच चांगला वजनदार असतो. मग फ्लायव्हीलचं ओझं हवंय कशाला? तिथे पोलादी पत्र्याची एक पातळ चकती पुरते. मध्यभागी ती क्रँकला बोल्टनं बसते, बाहेरच्या बाजूला कन्व्हर्टरला, आणि कडेवर सेल्फसाठी दाते असतात. फिरण्याच्या दिशेनं ती कडक, पण पुढे-मागे किंचित लवते. लवायलाच हवी! कारण तेलाच्या दाबानं आणि उष्णतेनं कन्व्हर्टर थोडा फुगतो. चकती लवली नाही, तर तो सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जाईल.

आता इंजिन बदललं की गंमत सुरू होते. शेव्हरलेच्याच स्मॉल ब्लॉक इंजिनांचं बघा. 1985 पर्यंत क्रँकच्या मागच्या बोल्टांचं वर्तुळ 3.58 इंचांचं होतं, 1986 पासून ते 3 इंचांचं झालं. कंपनी तीच, पण चकती बसणार नाही. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लगेच दिसते. रिंग गिअरचे दाते कुठे 153, कुठे 168. चकतीप्रमाणे सेल्फ बदलला नाही, तर तो दात्यांपर्यंत नीट पोचतच नाही. खरी फसवणूक पुढे आहे. 1970 ते 1980 मधल्या 400 इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटवर बॅलन्सिंगचं वजन असतं. तीच चकती त्या काळातल्या 350 इंजिनाला लावली, तर भोकं जुळतात, बोल्ट बसतात... आणि गाडी थरथरायला लागते.

आणि तो व्हिडिओतला एलएस? 1997 मध्ये आलेल्या या इंजिनात क्रँकचा मागचा चेहरा जुन्यापेक्षा साधारण 10 मिलिमीटर आत आहे. म्हणून जुना गिअरबॉक्स लावताना मध्ये स्पेसर, लांब बोल्ट आणि योग्य फ्लेक्सप्लेट लागते. शेवटी मोजायचं ते अंतर. कन्व्हर्टर मागे पंपात पूर्ण बसवला की त्याच्यात आणि फ्लेक्सप्लेटमध्ये साधारण 3 ते 5 मिलिमीटर फट उरली पाहिजे. फटच नसेल, तर बोल्ट आवळताना पंप आणि थ्रस्ट बेअरिंग दोन्ही मरतात. फट जास्त असेल, तर पुढे ओढलेला कन्व्हर्टर पंपाला पुरेसा धरत नाही. आणि चकती तडकली, की आवाज थेट कनेक्टिंग रॉड ठोकल्यासारखा येतो. चांगलं इंजिन उगाच उघडलं जातं!

हे सगळं का सांगतोय? कारण गेल्या वर्षी आमच्या ग्रुपनं बग्गीत दुसरं इंजिन बसवलं. रिपोर्टमध्ये टॉर्कचे ग्राफ होते, रंगीत प्रिंटसुद्धा. फक्त गिअरबॉक्सचा शाफ्ट किती आत जातो, ते कुणी मोजलं नव्हतं. वर्कशॉपचे मामा सांगत होते, "पोरांनो, बोल्टनं ओढून बसवू नका. हातानं बसत नसेल तर कुठेतरी अडतंय." आम्ही ओढलं. हाउसिंगचा कान तुटला. शाफ्ट फक्त 4 मिलिमीटर लांब होता. बग्गी स्पर्धेला गेलीच नाही, आणि चार महिन्यांचं काम कोपऱ्यात धूळ खात पडलं.

कुणी म्हणेल, बाजारात रेडिमेड किट मिळतात की! मिळतात, पण कुणीतरी आधी मोजलं म्हणूनच. शिवाय किट ठरावीक जोडीसाठी असतं. तुमची जोडी तीच आहे का, हे कळायलाही मोजावंच लागतं.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूलाच प्रत्येक ग्रुपकडून एक पान मागा: जोडणीचं ड्रॉइंग. बोल्टचं वर्तुळ, खोली, फट, बॅलन्स, सगळं हातानं मोजलेलं. ते पान नसेल, तर वर्कशॉपमध्ये पान्याला हात लावू देऊ नका. आम्ही कुरकुर करू, पण करू द्या. आणि व्हायव्हाला "पॉवर किती?" याच्या आधी "फट किती?" विचारा. मार्कांसाठी का होईना, आम्ही मोजायला लागू.

आणि मित्रांनो, मामांचं ऐका. व्हर्निअर त्यांच्याच कपाटात असतो!