नोटीस बोर्डावरचं रेड कार्ड

आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूमच्या दारावर गेले दीड महिने एक नोटीस लटकते आहे. 'या खोलीत राजकीय व सामाजिक विषयांवर चर्चा करण्यास सक्त मनाई आहे. फक्त सामने पाहावेत. आज्ञेवरून.' खाली कुणीतरी बॉलपेनने रेड कार्ड दाखवणारा रेफ्री काढलाय, तो मात्र भन्नाट जमलाय. ही नोटीस लागली माझ्यामुळे. म्हणजे माझ्या एका वाक्यामुळे. त्यामुळे 'ती काढा' असं म्हणायचा मला कितपत अधिकार आहे कोण जाणे, पण म्हणतो.

डे-स्कॉलर मंडळींसाठी आधी थोडं वर्णन. युरोपातली मॅच आपल्याकडे रात्री साडेबारा नाहीतर दीडला सुरू होते. सतरंजीवर तीसेक पोरं, निम्म्यांच्या मांडीवर दुसऱ्या दिवशी सबमिट करायचं जर्नल. इथे कुणाला नावाने हाक मारत नाहीत, क्लबाने मारतात. मी चेल्सी. माझा रूममेट लिव्हरपूल, आणि त्या बाबतीत तो अगदी असह्य आहे. मेकॅनिकलचे एक सीनियर आहेत, ते बायर्न. त्यांच्या दोन केट्या राहिल्यात, पण जर्मनीतल्या क्लबांचे कायदे त्यांना तोंडपाठ!

वाद सुरू होतो ऑफसाइडवरून आणि पोचतो १९९१ सालापर्यंत. कसा? उदाहरण देतो. माझ्या टीमने गोल केला की लिव्हरपूल ओरडणार, "विकत घेतलेला गोल!" बरोबरच आहे, २००३ मध्ये अब्रामोविचने चेल्सी घेतला तेव्हापासून हे ऐकतोय आम्ही. मग कुणीतरी विचारणार, त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून? मग निघणार रशियातलं खासगीकरण. १९९५ च्या लिलावात सिबनेफ्ट ही सरकारी तेल कंपनी त्याने भागीदाराबरोबर मिळून सुमारे १० कोटी डॉलरना मिळवली आणि २००५ मध्ये आपला हिस्सा गॅझप्रॉम या सरकारी कंपनीला सुमारे १३०० कोटी डॉलरना विकला. म्हणजे सरकारने विकलेलं सरकारनेच घेतलं, आणि मधला फरक आमच्या मिडफिल्डमध्ये आला. इथून मनमोहन सिंगांच्या १९९१ च्या बजेटवर यायला फार तर दोन मिनिटं लागतात. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो.

मी आपला मुक्त बाजारपेठेच्या बाजूने. (हा शब्दसुद्धा मला रूममेटनेच दिला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी होतं, पण ते वीस मार्कांच्या निबंधापुरतं.) माझा फंडा सोपा होता. १९५५ नंतर चेल्सीने लीग जिंकली थेट २००५ मध्ये. पन्नास वर्षं! पैसा आला, कप आला. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने लावावा, ज्याला परवडत नाही त्याने खाली जावं. यात कुणाचं काय गेलं?

बायर्न सीनियर यावर त्यांचा हुकमी एक्का काढायचे. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे, क्लबमध्ये मतांचा मोठा वाटा सभासदांकडेच राहणार, कुणी शेठ येऊन क्लब उचलून नेऊ शकत नाही. मी म्हणायचो, दादा, एवढी लोकशाही असून २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग एकटं बायर्नच कसं जिंकलं? आणि २०२४ मध्ये ती साखळी तोडली कुणी? लेव्हरकुसेनने, म्हणजे औषधाच्या कंपनीच्या क्लबने, ज्याला त्या नियमातून सूट आहे! यावर शिट्ट्या पडल्या होत्या.

पण सीनियरही काही कच्चे नाहीत. त्यांनी अमेरिका काढली. भांडवलशाहीचं माहेरघर म्हणावं तर तिथल्या एनएफएलमध्ये १९९४ पासून टीमच्या एकूण पगारांवर कमाल मर्यादा आहे, आणि जी टीम शेवटून पहिली येते तिला पुढच्या वर्षी नवा खेळाडू निवडायचा पहिला मान मिळतो. अगदी घरचं म्हणाल तर आपली आयपीएल. २०२५ च्या मोठ्या लिलावाला प्रत्येक टीमला सारखेच १२० कोटी, मालक कितीही गडगंज असो. शाहरुख खान असला तरी १२० च. आता याला बाजार म्हणायचं का रेशन? मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

माझं म्हणणं असं की ही भरकटणारी चर्चा मुळात भरकटलेली नाहीच. १८ एप्रिल २०२१ ला बारा बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग जाहीर केली. पंधरा संस्थापकांना कायमचं स्थान, हरलं तरी खाली जायचं नाही. आमच्या स्टेडियमबाहेर आमच्याच लोकांनी रस्ता अडवला, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. यात उठून उभा राहिला कोण, तर पंतप्रधान बोरिस जॉन्सन, म्हणजे खुल्या बाजाराचा जप करणाऱ्या पक्षाचा नेता. गरज पडली तर कायदा करू म्हणाला. आणि सुपर लीगमध्ये सगळ्यात पुढे कोण? रेआल माद्रिद आणि बार्सिलोना, दोन्ही सभासदांच्या मालकीचे क्लब! सगळी गणितंच उलटी. इंग्लंडमध्ये तर २०२५ मध्ये फुटबॉलवर नियामक बसवणारा कायदाही झाला. आता 'फक्त सामने पाहावेत' म्हणजे नेमकं काय पाहावं? आणि आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लटकला, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. बघायला मॅचच नाही म्हटल्यावर पोरांनी कराराबद्दल बोलायचं नाही तर काय हवापाण्याबद्दल?

असो. आता त्या रात्रीबद्दल.

विषय रेलिगेशनचा होता. शेवटचे तीन क्लब खाली जातात, आपल्या भाषेत वायडी. मी जोरात होतो. खालचे खाली, वरचे वर, यालाच मेरिट म्हणतात वगैरे. सीनियर म्हणाले, अरे, खाली गेलेल्यांनाही तीन वर्षांपर्यंत पैसे देतात, पॅराशूट पेमेंट म्हणतात त्याला. कुणीतरी म्हणालं, म्हणजे एटीकेटी! हशा पिकला. तो हशा मला अजून थोडा वाढवायचा होता. मी म्हटलं, "तिकडे निदान खाली तरी पाठवतात. आपल्याकडे कमी मार्कांवाल्यांना थेट वरच्या डिव्हिजनमध्ये सीट देतात."

हसले बरेच जण. माझा रूममेट पहिल्या रांगेत बसला होता. तो उठला, चप्पल घातली आणि गेला. मॅचची अजून वीस मिनिटं बाकी होती आणि लिव्हरपूल एक गोलने मागे होतं. अशा वेळी तो कधीच उठत नाही. मग मागून कुणीतरी मला सुनावलं, कुणीतरी त्याला सुनावलं, कॉलर धरली गेली, वॉचमन काका आले. सकाळी नोटीस.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार दिवस न बोलणं कसं असतं ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. पाचव्या रात्री मी असाइनमेंट उतरवत होतो, तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "२००३ च्या उन्हाळ्यात तुम्ही शंभर मिलियन पाउंडांच्या वर उडवले. त्या ऑगस्टमध्ये टेबल सगळ्यांचं शून्यावरच होतं ना? टेबल शून्यावर असतं लेका, टीम नसते." मग थोडा थांबून म्हणाला, "माझा आज्या शाळेत दाराबाहेर बसायचा."

मला काही बोलता आलं नाही. माझे आजोबा त्याच काळात इंग्रजी मीडियममध्ये शिकत होते. मला आठवीपासून फाउंडेशनचा क्लास होता, गाडी सोडायला यायची. माझा अब्रामोविच घरातच होता. हे मी वीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं, आणि मोजायला लागलो ते फुटबॉलच्या उदाहरणाने. आरक्षणावर आमचं सगळं पटलंय असं मुळीच नाही. उत्पन्नाच्या मुद्द्यावर अजून खटके उडतात, आणि त्यात तो आकडे माझ्यापेक्षा चांगले देतो. पण हे खटके आता खोलीत, दार लावून, हळू आवाजात. कारण बाहेर बंदी आहे.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. माझं वाक्य तीस जणांसमोर गेलं. हसले ते त्या तीसांतलेच. त्याचं उत्तर मात्र मी एकट्याने ऐकलं. रेक्टर सर, तुमची अडचण कळते. मारामारी झाली तर पालकांचे फोन तुम्हाला घ्यावे लागतात. मारामारीवर बंदी घाला, रात्री दोननंतर टीव्ही बंद करा, मला महिनाभर कॉमन रूममध्ये यायला मनाई करा, चालेल. पण नोटिशीमुळे त्या वाक्यावर हसलेल्या पोरांना आपण बरोबरच हसलो असं वाटत राहिलंय. आणि ज्याला ते लागलं, तो आता मॅच मोबाइलवर, पांघरुणात बघतो.

मी त्याला खोलीत सॉरी म्हटलंय. तो "ठीक आहे" म्हणाला. पण अजून मला चेल्सी म्हणत नाही, नावाने हाक मारतो.

ते सॉरी मला त्याच सतरंजीवर, त्याच पोरांसमोर म्हणायचंय, आणि नोटिशीप्रमाणे तो 'सामाजिक विषय' होतो. शनिवारची मॅच रात्री साडेदहाला आहे. सर, तुम्ही दहा वीसला आलात तरी पुरे.