तोंड व्ही४चे, गाडी व्ही३ची! सेकंडहँड स्पोर्ट्स बाईक घेताना फसगत नेमकी कुठे होते?

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की तालुक्याच्या गावांत जुन्या स्पोर्ट्स बाईकचा बाजार गरम होतो. गाड्या बहुतेक शहराकडून आलेल्या, आणि सौदा मोबाईलवरच्या फोटोवर. 'आर१५ व्ही४, सिंगल ओनर, एक रुपयाचं काम नाही' एवढे वाचून बयाणा ऑनलाइन पाठवला जातो. गाडी दारात आली की गावातला फिटर पुढचे पॅनल खोलतो आणि म्हणतो, 'भाऊ, तोंड व्ही४चं आहे, गाडी व्ही३ आहे.'

असे घडते, कारण स्पोर्ट्स बाईकचे रूप प्लास्टिकमध्ये असते. पुढचे तोंड, बाजूचे पॅनल, शेपटी हे सगळे सुटे मिळते आणि एका दिवसात बदलते. गिऱ्हाईक भाव ठरवते या रूपावर. आरटीओ, पोलीस आणि विमा कंपनी मात्र गाडीवर कोरलेला नंबर बघतात.

खेड्यापाड्यात सर्वांत जास्त फिरणारी यामाहा आर१५ हेच उदाहरण घ्या. पहिली आर१५ आली २००८ मध्ये. तिची सीट सलग आणि मागचा टायर बारीक. २०११च्या व्ही२ला दोन भागांची सीट, रुंद मागचा टायर आणि मागे अॅल्युमिनियमचा स्विंगआर्म आला. या दोन्हींचे इंजिन १४९ सीसीचे. २०१८ची व्ही३ मात्र १५५ सीसीची. मीटर पूर्ण डिजिटल, समोर दोन एलईडी हेडलाइट. सप्टेंबर २०२१च्या व्ही४ला मध्ये एकच प्रोजेक्टर लाइट आणि सोनेरी उलटे शॉकअप.

म्हणजे व्ही३ म्हणून दाखवलेल्या गाडीच्या आरसीवर क्यूबिक कॅपॅसिटी १४९ असेल, तर पुढे बोलायचे कारणच नाही. व्ही२ला नवे कपडे घातलेत. व्ही३ आणि व्ही४ दोन्ही १५५च्या, तिथे सीसीवरून कळत नाही. तिथे आरसीवरचे मॉडेलचे नाव आणि उत्पादनाचा महिना बघावा लागतो. २०२० ची व्ही४ असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो.

सोनेरी शॉकअपवर तर खास लक्ष हवे. भारतात विकलेल्या व्ही३ला साधे शॉकअप होते. इंडोनेशियातल्या व्ही३ला उलटे सोनेरी होते, त्यामुळे इथल्या पोरांनी तो शौक उचलला. आता साध्या शॉकअपवर चढवायची सोनेरी प्लास्टिकची कव्हरेही बाजारात मिळतात. ओळखायची रीत सोपी आहे: पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा. उलट्या शॉकअपमध्ये जाड नळी वर असते आणि चकचकीत बारीक दांडी खाली, चाकाजवळ हलते. साध्या शॉकअपमध्ये बारीक दांडी वरच्या बाजूला असते. कव्हर असेल तर बोटाने टकटक केली तरी आवाज प्लास्टिकचा येतो.

केटीएम आरसी २०० वर ३९० चे स्टिकर लावणे हाही जुना धंदा. आरसीवर १९९ आणि ३७३ सीसीचा फरक स्वच्छ लिहिलेला असतो, पण आरसी उघडून वाचतो कोण!

नंबर काय सांगतो

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांच्या हँडलच्या मुळाशी फ्रेमवर कोरलेला असतो. तो १७ अक्षर-आकड्यांचा. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात दहावे अक्षर वर्षाचे असते: जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. (मधले 'ओ' गाळले आहे, शून्याशी गोंधळ नको म्हणून.) नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की छाप उमटतो. अक्षरे वेडीवाकडी, खोली कमी-जास्त, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा किंवा ताजा रंग दिसला तर तिथून निघालेले बरे. इंजिनवरचा नंबरही आरसीशी जुळवावा. एमपरिवहन अॅपवर गाडीचे मॉडेल, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. पण मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, म्हणून नुसत्या अॅपवर भागत नाही. मूळ आरसी हातात घ्यावीच लागते.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्यानंतरच्या गाडीच्या पुढच्या चाकात डिस्कजवळ खाचांची छोटी रिंग असते. रिंग नसेल तर चाक बदललेले आहे, म्हणजे बहुतेक अपघात. चावी फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागून गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर वायर तोडलेली असू शकते.

मीटर मागे फिरवले का, हे टायर सांगतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा. २०२१ ची गाडी, मीटरवर आठ हजार किलोमीटर आणि मागचा टायर २०२४ चा? हे गणित जमत नाही.

'पंधरा हजाराचे पार्ट लावलेत'

विकणाऱ्याचे हे आवडते वाक्य. खरे तर बाहेरचे पार्ट दिसले की भाव वाढत नाही, कमी व्हायला हवा. कारण कंपनीचा मूळ पार्ट परत बसवायचा खर्च घेणाऱ्याच्या माथी येतो. सायलेन्सरचेच बघा. मूळ सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढून मोठ्या आवाजाची नळी लावली की बीएस६ गाडीत इंजिनचा दिवा पेटू शकतो. नळीवर परदेशी कंपनीचे स्टिकर असते, माल बहुधा नकली. म्हणून 'कंपनीचा सायलेन्सर, आरसे, मडगार्ड कुठे आहेत?' हा प्रश्न आधी विचारावा. जपून ठेवले असतील तर मालक हौशी, नसतील तर गाडी आधीच दोनदा हात बदललेली असण्याची शक्यता जास्त.

कायद्यातही हे हलके नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज-प्रदूषणाला दंड दहा हजारांपर्यंत. नाक्यावर गाडी अडली की हा दंड चालवणाऱ्याकडून मागितला जातो, फोटो टाकून विकणाऱ्याकडून नाही. अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा विमा दावाही याच बदलांवर अडकू शकतो.

कोऱ्या सह्यांचे फॉर्म

गावाकडे आणखी एक पद्धत रूढ आहे. स्टॅम्पपेपर, नोटरी आणि फॉर्म २९-३० वर आधीच्या मालकाच्या कोऱ्या सह्या. ट्रान्सफर 'बघू नंतर'. तोवर गाडी तिसऱ्याला विकली जाते. पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे यात विकणाराही अडकतो. गाडी चोरीची निघाली तर घेणाऱ्याची जप्त होते, आणि चोरीची आहे हे माहीत असून घेतली असे ठरले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीची नोंद तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही ऑनलाइन सेवा आहे. तिच्याकडे फार कमी लोक वळतात.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायला सांगितले आहे. त्याची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढली. जुनी व्ही१ किंवा व्ही२ घेणाऱ्याला याचा फायदाच आहे, कारण प्लेटची नोंदणी करताना चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे सरकारी नोंदीशी जुळावे लागतात. 'आधी प्लेट बसवून दे, मग पैसे' असे विकणाऱ्याला सांगून पाहावे. कागद साफ असलेला माणूस चार दिवस थांबतो. 'आजच उचला, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' असे उत्तर आले, तर ते गिऱ्हाईक त्यालाच लखलाभ.